साताऱ्या-सांगलीत 'समदी' म्हणजे नेमकं कोण? नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी

बदली, शिक्षण किंवा लग्नामुळे सातारा-सांगलीत येणाऱ्या मराठी माणसाला वाटतं, भाषा तर आपलीच आहे, अडायचं काय? मी विदर्भातून बँकेच्या नोकरीसाठी आधी साताऱ्यात आणि मग सांगलीत आले. लय, न्हाय, व्हय, हुतं हे आठवड्याभरात कानावर बसतं. खरी अडचण येते ती माणसांविषयीच्या बोलण्यात. 'समद्यांनी यायचं बरं का' असं आवतण आलं तर घरातल्या किती जणांनी जायचं? 'पाव्हणं आलं' म्हणजे एक जण आला की दहा? 'आम्ही काय सोम्यागोम्या हाय व्हय?' असं कोणी म्हटलं तर त्याला काय दुखलं? हे कोणी बसून शिकवत नाही, म्हणून पायरीपायरीने लिहिते आहे.

आधी हाताशी काय ठेवायचं

- एक छोटी वही किंवा मोबाइलमधली नोंद. नुसता शब्द लिहून ठेवू नका. कोणी, कोणाला आणि कुठे म्हटला ते लिहा. त्याशिवाय नोंदीचा उपयोग होत नाही.
- विचारायला एक जाणतं माणूस. घरमालकीण, शेजारच्या काकी, ऑफिसातले शिपाईमामा, कोणीही चालेल. वय पन्नासच्या पुढचं असेल तर उत्तम.
- आपल्या भागातल्या चार-पाच गावांची नावं आणि तालुके. इथे माणसाची ओळख गावाने सुरू होते.

१. पहिल्यांदा हाक शिका

रस्त्यात अनोळखी माणसाला थांबवायचं तर 'पाव्हणं' ही हाक पुरुषाला कुठेही चालते. 'ओ पाव्हणं, यस्टी स्टँड कुठं आलं?' असं विचारलं की कोणाला राग येत नाही. वयाने मोठ्यांना दादा, आण्णा, आबा, तात्या, बापू. बायकांना ताई, आक्का, काकी, मावशी. वैनी म्हणायचं ते ओळख झाल्यावर आणि लग्न झाल्याचं माहीत असेल तेव्हाच.

ही नात्याची नावं घरापुरती राहत नाहीत. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले तरी सांगलीला दादाच राहिले. राजारामबापू पाटील बापू राहिले आणि आर. आर. पाटील आबा. त्यामुळे 'बापूंच्या कारखान्यावर हाय' असं कोणी म्हणालं तर त्याच्या घरच्या बापूंची चौकशी करू नका, तो साखर कारखान्याबद्दल बोलतो आहे. आणि गावोगावी आबा-बापू-दादा असतातच, म्हणून 'कुठलं आबा?' असं सरळ विचारायचं. यात अपमान नाही.

भावा, मर्दा, लेका, राव हे बरोबरीच्यांचे शब्द. समोरच्याने आधी म्हटल्याशिवाय आपण म्हणू नयेत. सांगलीकडे पुरुषांच्या बोलण्यात 'गा' येतो: 'काय गा, कवा आला?' तो ओळखीतला आहे. साहेबाला किंवा सासऱ्यांच्या वयाच्या माणसाला तो लावायच्या आधी इतर लोक लावतात का ते पाहा. 'की' मात्र निर्धास्त वापरा. 'या की', 'बसा की', 'जेवा की' यातल्या 'की'मध्ये आग्रह आहे. तो न लावता नुसतं 'बसा' म्हटलं तर ऐकणाऱ्याला कोरडं वाटतं.

आषाढी वारीच्या दिवसांत मात्र हे सगळं हाकांचं शास्त्र बाजूला पडतं. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असा मुक्काम करत पुढे जाते. त्या वाटेवर लहानथोर, बाईबाप्या, पोलीस, पाणी वाटणारं पोर, सगळ्यांना एकच हाक असते: माउली. 'सरका माउली', 'चहा घ्या माउली'. नव्या माणसाने वर्षातून एकदा तरी त्या वाटेवर थोडं चालावं असं मला मनापासून वाटतं. सगळ्यांना एकाच आदराने हाक मारायची सवय तिथे एका दिवसात लागते.

२. 'सायेब आलं' यात आदरच आहे

पुण्या-नागपूरकडच्या कानाला हे हमखास खटकतं. 'आमचं मालक गेलं', 'आबा म्हणालं', 'डाक्टर आलं'. आपण म्हणू, माणसाला 'आलं' कसं? इथल्या बोलीत 'आले', 'गेले' यातला शेवटचा 'ए' असा अनुस्वारासारखा होतो. घोडे म्हणजे घोडं, पाहुणे म्हणजे पाव्हणं. म्हणजे 'सायेब आलं' हे 'साहेब आले'च आहे, आदरार्थी बहुवचन. दुरुस्त करायला जाऊ नका.

याच जागी दोन-तीन शब्द आहेत ज्यांनी नवीन माणूस चकतो:

- मालक, कारभारी: बाईच्या तोंडी हे बहुतेक वेळा नवऱ्यासाठी. 'मालकास्नी इचारून सांगती' म्हणजे ती दुकानमालकाला विचारणार नाही.
- मंडळी: सभेत 'मंडळी' म्हणजे जमलेले सगळे. पण 'आमची मंडळी माह्यारी गेल्यात' म्हणजे फक्त बायको.
- गडी: शेतावरचा कामकरी, कबड्डीतला खेळाडू आणि 'लय भारी गडी हाय'मधला वाखाणण्याजोगा माणूस, तिन्ही. 'गडीमाणूस' म्हणजे पुरुष.
- टोळी: ऊसपट्ट्यात हंगामात 'टोळी आली' ऐकून घाबरू नका. ते ऊसतोडणी कामगार आहेत, बहुतेक मराठवाड्याकडून आलेले.

३. 'समदी' किती, ते मोजायला शिका

ही पायरी सावकाश वाचा, रोजच्या व्यवहारात सगळ्यात जास्त तिचीच गरज पडते. इथे 'सगळे' हा एकच आकडा नसतो. बोलणारा कोणतं वर्तुळ धरून बोलतो आहे ते ओळखावं लागतं, आणि ते ओळखायच्या खुणा घरातल्या वस्तूंमध्ये आहेत.

चूल. 'चूलबंद आवतण' म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायची नाही. म्हातारी आई, तान्हं पोर, घरी आलेला पाहुणा, सगळ्यांनी जेवायला जायचं. कधी लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात हाताने 'चूलबंद' एवढंच लिहिलेलं असतं. असं आवतण आलं आणि तुम्ही एकटेच गेलात, तर यजमान दारातच विचारतो, 'बाकीची कुठायत?' आणि त्याला खरोखर वाईट वाटलेलं असतं. उलट 'घरटी एक' म्हटलं की घरातल्या एकाच माणसाने जायचं. बैठक, श्रमदान, गावकीचं काम अशा वेळी हे असतं. 'जोडीनं या' म्हणजे नवरा-बायको. 'पोरंबाळं घिऊन या' म्हणजे घरचे सगळे, पण घरी आलेला पाहुणा त्यात येतोच असं नाही.

उंबरा. गावाचा आकार माणसांत सांगत नाहीत, उंबऱ्यांत सांगतात. 'दीडशे उंबऱ्याचं गाव' म्हणजे दीडशे घरं. आता चूल आणि उंबरा यांतला फरक पाहा. आमच्या काउंटरवर कर्जाचा फॉर्म भरताना एका आजोबांना मी कुटुंबातली माणसं विचारली. त्यांनी आधी हिशेब सांगितला, 'चुली तीन, पर उंबरा एकच.' तिघं भाऊ एका वाड्यात, स्वयंपाक वेगळा, सातबाऱ्यावर नावं मात्र एकत्र. फॉर्ममधल्या एका चौकटीत न मावणारी सगळी माहिती त्या पाच शब्दांत होती. तेव्हापासून मी 'घरात किती जण?' याच्या आधी 'चुली किती?' विचारते. उत्तर लगेच आणि बरोबर मिळतं. सोसायटी, ग्रामपंचायत, शाळा, दवाखाना यांत काम करणाऱ्यांनी हे जरूर करून पाहावं.

पान. जेवणावळीत माणसं पानांनी मोजतात. आचारी विचारतो, 'किती पान धरायचं?' कार्य झाल्यावर 'तीनशे पान उठलं' म्हणजे तीनशे जण जेवून गेले. पत्रावळीच्या जागी आता ताटं आली, पण मोजणी पानांचीच आहे.

कोयता. ऊसतोडणीत एक कोयता म्हणजे साधारणपणे नवरा-बायकोची जोडी. 'दहा कोयत्यांची टोळी' ऐकून दहा माणसं धरलीत तर पाण्याचा, राहण्याचा सगळा अंदाज चुकतो. मोठी माणसं वीस, शिवाय लेकरं.

माणशी, डोईमागं. वर्गणीचा हिशेब. 'माणशी पन्नास' आणि 'घरटी पन्नास' यांत पैशाचा मोठा फरक पडतो, म्हणून गणपतीची वर्गणी देताना आधी हे विचारून घ्या.

नात्याची वर्तुळं वेगळी. भावकी म्हणजे एका कुळातली, बापाकडची माणसं. पाव्हणंरावळं म्हणजे लग्नाने जोडलेली. गणगोत म्हटलं की दोन्ही आली. गावकी म्हणजे गाव म्हणून एकत्र आलेले लोक. 'भावकीतल्या समद्यास्नी सांगितलंय' या वाक्यात शेजारी येत नाही, मित्र येत नाही. तुम्हाला बोलावलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका.

मोजायची गरजच नसते तेव्हा बोली मोकळी सुटते. 'झाडून सगळी आली' म्हणजे कोणी घरी राहिलं नाही. 'आख्खं गाव लोटलं.' 'मुंगी शिरायला जागा नव्हती.' आणि मला सगळ्यात आवडणारं: 'लय माणूस हुतं.' माणसं नाही, माणूस. वाईजवळच्या बावधनची बगाडाची जत्रा पाहून आलेल्या कोणालाही विचारा, हेच वाक्य ऐकू येईल. हजारोंची गर्दी एकवचनात, जणू सगळे मिळून एकच काहीतरी आहे. तरुण पोरं त्याच जागी 'पब्लिक' म्हणतात: 'पब्लिक लय हुतं राव.'

४. 'कुणी बी' आणि 'ऐरागैरा': इथे जपून

सगळ्यांविषयीचे शब्द जसे मायेचे आहेत तसे तुच्छतेचेही आहेत. सोम्यागोम्या, ऐरागैरा, लुंग्यासुंग्या, आलतूफालतू. अर्थ एकच, ज्याला काही पत नाही असा कोणीही. 'हे येऱ्यागबाळ्याचं काम न्हाई' हेही त्याच घरचं, पण त्यात काम अवघड असल्याचं कौतुक जास्त आहे, म्हणून ते चालतं. 'बाजारबुणगे' हा शब्द मराठी फौजांबरोबर चालणाऱ्या, न लढणाऱ्या लवाजम्यासाठी होता. १७६१ च्या पानिपताच्या वर्णनांत तो भेटतो. आता नेत्यामागे किंवा वरातीत नुसतं खाऊन-पिऊन मिरवणाऱ्यांना म्हणतात. ऐकून ठेवा, म्हणू नका.

हे शब्द तुम्हाला बहुतेक वेळा प्रश्नात भेटतील. माझ्या काउंटरसमोर एक गृहस्थ दोनदा रांगेत उभे राहिले, दोन्ही वेळा त्यांना दुसऱ्या खिडकीकडे पाठवलं गेलं. तिसऱ्यांदा ते आवाज न चढवता म्हणाले, 'ताई, आमी काय सोम्यागोम्या हाय व्हय?' अशा वेळी नियम सांगू नये. तो माणूस कामाविषयी बोलत नसतो, आपल्याला माणसात मोजलं नाही हे त्याचं दुखणं असतं. 'बसा आण्णा, पाणी घ्या, कुठलं गाव तुमचं?' एवढं विचारलं की निम्मं काम होतं. गावाचं नाव विचारणं इथे आदराचं आहे. त्याने तो माणूस 'कुणी बी' राहत नाही.

यातला एक प्रकार मात्र मोकळेपणाने वापरता येतो: हौशे, नवशे, गवशे. जत्रेला हौसेने येणारे, नवस फेडायला येणारे आणि काही सापडतंय का पाहत फिरणारे. कोणत्याही गर्दीचं यापेक्षा नेमकं वर्णन मला ठाऊक नाही. कार्यक्रमाला कोण कोण आलं होतं असं विचारलं आणि उत्तर 'हौशे, नवशे, गवशे, समदं हुतं' असं आलं, की समजा गर्दी मिश्र होती.

५. 'कुणीच नाही'

थोडेच प्रयोग आहेत. 'चिटपाखरू नव्हतं' म्हणजे जागा ओस. 'काळं कुत्रं इचारत न्हाई' म्हणजे कोणी किंमत देत नाही. हे स्वतःविषयी बोलताना ठीक, दुसऱ्याविषयी नको. 'शेंबडं पोर बी सांगंल' याचा अर्थ उलटा, म्हणजे हे सगळ्यांना माहीत आहे. पण नव्या माणसाने पत्ता विचारला आणि कोणी असं म्हणालं, तर पुढचा प्रश्न विचारायचं थांबू नका. त्याला ठिकाण किती प्रसिद्ध आहे एवढंच सांगायचं असतं.

६. म्हणी: कोणती कुठे

म्हणी तुम्हाला शाळेपासून येतातच. अडचण ती कधी टाकायची याची आहे.

सांत्वनाला: 'घरोघरी मातीच्या चुली.' घरातली भांडणं, सुनेची कुरकुर, पोराचं न ऐकणं, असं कोणी मन मोकळं करत असेल तर ही म्हणायची. पण हळू आवाजात आणि ऐकून झाल्यावर. मध्येच म्हटली तर 'तुझं काही विशेष नाही' असा अर्थ होतो.

तंटा मिटवायला: 'हाताची पाची बोटं सारखी नसत्यात' आणि 'व्यक्ती तितक्या प्रकृती'. पहिली घरच्यांविषयी, दुसरी बाहेरच्यांविषयी जास्त ऐकू येते.

टीकेला: 'समदी एकाच माळंचं मणी', 'उडदामाजी काळंगोरं', 'कुठं बी जावा, पळसाला पानं तीनच'. पहिल्या दोन म्हणी एखाद्या गटावर सरळ बोट ठेवतात. चहाच्या टपरीवर पुढाऱ्यांविषयी चर्चा चालू असेल आणि तिथे तुम्ही नवीन असाल, तर माळेचे मणी मोजू नका. त्यातल्या एका मण्याचा पुतण्या शेजारच्या बाकावर असतोच. पळसाची म्हण सौम्य आहे, ती चालते.

एकीला: 'गाव करील ते राव काय करील', 'पाचामुखी परमेश्वर'. ग्रामसभेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, वर्गणी गोळा करताना या म्हणींना अजून वजन आहे.

आणि 'चार माणसं'. 'चार माणसं काय म्हणतील', 'चार माणसांत बसायला शिक'. हे चार कधीच चार नसतात, तो सगळा समाज असतो. पण 'चार माणसं बोलावून मिटवू' म्हटलं तर खरोखर चार-पाच वडीलधारी येतात. तयारीत राहा.

७. कट्ट्यावरची पोरं

नाद खुळा, नाद करायचा न्हाय, इषय हार्ड, जाळ आन् धूर संगटच. यातलं बरंचसं कोल्हापूरकडचं म्हणून गाजलं, पण सांगलीच्या कॉलेज कॉर्नरला आणि साताऱ्याच्या राजपथावरही तेच ऐकू येतं. सगळ्यांविषयीचा त्यांचा खास शब्द 'पोरं': 'पोरं हायत आपली', म्हणजे वेळेला उभा राहणारा गट. पस्तिशीचा माणूसही त्या पोरांत असतो. हे शब्द समजून घ्या, हसून दाद द्या. चाळिशीच्या माणसाने ओळख नसताना 'इषय हार्ड' म्हटलं तर पोरं नुसती बघत राहतात.

८. तोंडात येऊ द्यायचं नाही ते

- जातीचं नाव असलेल्या म्हणी आणि विधवा, अपंग, वेडसर माणसांवरच्या म्हणी. जुनी माणसं सहज बोलून जातात. त्या वहीत उतरवायच्याही नाहीत. कायद्याचा प्रश्न आहेच, पण त्याआधी समोर बसलेल्या माणसाचा आहे.
- 'बारा बलुतेदार', 'अठरापगड' हे भाषणात 'सगळे समाज' या अर्थाने येतात, तिथे ठीक. त्यावरून कोणाला 'तुम्ही त्यातले कोण?' असं विचारू नका.
- च्यायला, आयला, मुडद्या. जिवलगांमध्ये ही माया असते. दोन मित्र एकमेकांना शिव्या देत हसत असतात आणि त्यांच्या आया ऐकत असतात. ती मोकळीक त्यांनी वर्षानुवर्षांच्या सोबतीत कमावलेली आहे. बायकांमधलं 'आगं बया' मात्र निरागस आहे, कोणीही म्हणावं.

९. जिल्हा एक की दोन?

नवे लोक विचारतात, साताऱ्याचं शिकलं की सांगलीत चालेल का? बहुतांशी चालेल. यातला बराचसा मुलूख जुना एकच सातारा जिल्हा होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. स्वातंत्र्याच्या लढ्यात १९४३ पासून इथे प्रतिसरकार चाललं तेव्हा ते दोन्हीकडचं होतं, आणि लोकांनी त्या संस्कृत नावाचं बोलता बोलता 'पत्री सरकार' करून टाकलं. आज कऱ्हाड आणि वाळवा यांच्या बोलीत फरक शोधावा लागतो. जत तालुक्यात मात्र कन्नड बोलणारी गावं आहेत. माण, खटाव, आटपाडी या माणदेशी पट्ट्याचा हेल वेगळा. तिथे आधी फक्त ऐका.

सांगलीत राहणार असाल तर सगळ्यांच्या तोंडचं एक वाक्य पावसाळ्याआधी समजून घ्या: 'आयर्विनला किती?' कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ चा. जोराच्या पावसात त्याच्यापाशी मोजलेली पाण्याची पातळी रिक्षावाला, भाजीवाली, प्राध्यापक सगळे एकमेकांना विचारतात. उत्तर फक्त आकडा असतो. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २००५ आणि २०१९ चा पूर पाहिलेल्या शहरात हा प्रश्न गप्पांचा नाही. चाळीसच्या पुढचा आकडा ऐकलात आणि घर नदीकाठच्या सखल भागात असेल, तर कागदपत्रं पिशवीत भरा आणि शेजारच्यांना विचारा, 'तुमी समदी कुठं जाणार?' तिथल्या 'समदी'त ते तुम्हालाही धरतात.